पैसे भरले, पण पोचले का?

आमच्या पिठाच्या गिरणीत आत शिरलं की डाव्या हाताला खिळ्याला एक तार अडकवलेली असायची. वर हूक, खाली पुठ्ठ्याची गोल चकती आणि मधे तारेत ओवलेल्या पावत्या. उधारीच्या नोंदी वहीत असायच्या, किराण्याच्या चिठ्ठ्या आईकडं. तारेवर फक्त लाइट बिलाच्या. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गिरणीला दहा हॉर्सपॉवरची मोटर आणि घर चालायचं ते त्या मोटरवर, त्यामुळे महिन्याच्या हिशेबात पहिला आकडा लाइट बिलाचा, मग दूध, शाळेची फी, बाकीचं काय ते.

बिल भरायला अण्णा स्वतः पतसंस्थेत जायचे, आम्हाला कुणाला पाठवायचे नाहीत. तिथं एका खिडकीवर वीज बिल भरणा केंद्राची पाटी होती, मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत रांग पार रस्त्यापर्यंत यायची. कॅशियर नोटा मोजणार, मग बिलाच्या खालची स्थळप्रत पट्टी दाबून धरून फाडून घेणार, आणि वरच्या भागावर गोल निळा शिक्का, आत तारीख, शेजारी वळणदार सही. शिक्का ओला असला की अण्णा त्यावर फुंकर मारायचे, बिल लगेच घडी घालायचे नाहीत, हातात धरून चालत यायचे. गिरणीत आले की तार काढायची, पावती टोचायची, तार परत खिळ्याला.

मी आठवीत असेन. मार्च महिना, वसुलीचे दिवस. सकाळी वायरमनकाका आले, खांद्यावर शिडी आणि हातात कागदांची चवड. दारातूनच म्हणाले, "अण्णा, यादीत नाव आहे तुमचं." अण्णांनी मोटर बंद केली, पट्ट्याचा आवाज हळूहळू थांबला, चार-पाच बायका डबे घेऊन उभ्या होत्या त्या सगळ्या गप्प झाल्या. अण्णांनी हात पुसले, तार काढली, वरचीच पावती तारेवरून न काढता तशीच पुढं धरली. काकांनी शिक्क्यातली तारीख वाचली, खिशातलं पेन काढलं, यादीत आमच्या नावापुढं 'भरलंय' असं लिहिलं, पाणी प्यायले आणि पुढच्या गल्लीत गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मोटर परत सुरू झाली.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण गेली चौदा वर्षं मी जे काम करते ते सगळं त्या दोन मिनिटांबद्दलच आहे असं मला आता वाटायला लागलंय.

काम असं: वीज, पाणी, गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांचं बिलिंग आणि पेमेंट एकमेकांना जोडायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं की यात जोडायचं काय, बिल आलं, पैसे भरले, संपलं. पण मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथं या दोन गोष्टी वेगवेगळ्या घरात वाढलेल्या होत्या. बिलिंग म्हणजे मीटरचं जग. रीडिंग घेणारा फिरतो, फोटो काढतो, मागचं रीडिंग वजा जाऊन युनिट निघतात, त्यावर स्लॅब, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, मागची थकबाकी, त्यावरचं व्याज. हे सगळं एकाच दिवशी सगळ्यांचं होत नाही, गावाचे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भागाची रीडिंगची तारीख वेगळी, म्हणून तर आपल्या बिलावर ग्राहक क्रमांकाशेजारी ते बिलिंग युनिट आणि पीसी असे बारके आकडे असतात जे कुणी वाचत नाही. आणि पेमेंट म्हणजे बँकेचं जग. तिथं मीटर नाही, युनिट नाही, तिथं फक्त एक रक्कम, एक संदर्भ क्रमांक आणि एक वेळ. बिलिंगवाल्यांना विचारा आज किती पैसे आले, ते म्हणतात अकाउंट्सला विचारा. अकाउंट्सला विचारा हे पैसे कुणाचे, ते म्हणतात बिलिंगला विचारा. आम्ही मधे उभे.

बिलिंगची बाजू किती नाजूक असते ते सगळ्या महाराष्ट्रानं 2020 साली बघितलंय. लॉकडाऊनमधे रीडिंग घ्यायला कुणी फिरू शकत नव्हतं, त्यामुळे मागच्या महिन्यांच्या सरासरीवर बिलं गेली, आणि जूनमधे प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर मधल्या महिन्यांचा सगळा फरक एकाच बिलात आला. लोक हादरले. घरोघरी माणसं घरात बसून होती, उन्हाळा होता, पंखे दिवसभर चालू, वापर खरंच वाढलेला होता, पण हातात कागद आला तो एका दमात. आता यात गणिताची बाजू अशी की तीन महिन्यांचे युनिट एका महिन्याचे समजून स्लॅब लावला तर माणूस सरळ वरच्या दरात जातो. शंभर युनिटपर्यंतचा दर वेगळा, तीनशेपर्यंतचा वेगळा, पाचशेच्या वर गेलात की अजून वेगळा. म्हणून एकूण युनिट महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला त्याचा स्लॅब द्यायचा आणि मग मधल्या सरासरी बिलांपोटी भरलेले पैसे त्यातून वजा करायचे. गणित बरोबर असलं तरी ते बिलावर तीन ओळीत समजेल असं लिहिलेलं नसेल तर लोकांच्या दृष्टीनं ते चूकच असतं, आणि मला त्यात लोकांचं काही चुकतंय असं वाटत नाही. त्या जूनमधे आमच्याच सोसायटीतल्या एक आजी माझ्याकडं बिल घेऊन आल्या होत्या, मी कागदावर मांडून दाखवलं, त्या म्हणाल्या, "हे असंच लिहून दिलं असतं तर मी रात्रभर जागी राहिले नसते गं."

पेमेंटच्या बाजूनं मात्र गेल्या दहा वर्षांत जग फार बदललं. यूपीआय 2016 मधे आलं. त्याच वर्षी भारत बिल पेमेंट सिस्टीमची चाचणी सुरू झाली, रिझर्व्ह बँकेनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं 2014 च्या नोव्हेंबरमधे काढलेली होती. आता त्याचं नाव भारत कनेक्ट झालंय, तुमच्या फोनमधल्या बहुतेक सगळ्या ॲपमधे बिल भरताना ते चिन्ह दिसतं. त्याच्या आधीची परिस्थिती काय होती तर प्रत्येक बँकेनं प्रत्येक वीज कंपनीशी वेगळा करार करायचा, वेगळी फाइल, वेगळी पद्धत, वेगळी भांडणं. आता मधे एकच चौक केला. एका बाजूला बिलवाले, दुसऱ्या बाजूला बँका आणि ॲपवाले, मधून सगळी वाहतूक त्याच चौकातून आणि त्याच नियमांनी. तुम्ही ग्राहक क्रमांक टाकता, ॲप चौकाला विचारतं, चौक वीज कंपनीच्या बाजूच्या बँकेला विचारतो, ती बिलिंग सिस्टीमला विचारते आणि नाव, रक्कम, मुदत उलट्या वाटेनं तुमच्या स्क्रीनवर येतं. हे सगळं तुम्ही चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप आहे, मी ते आतून बघितलंय तरी.

आणि त्या स्क्रीनवर नाव कुणाचं येतं? आपल्याकडं निम्म्या घरांत मीटर वारलेल्या माणसाच्या नावावर असतं. आमचं घरचं मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, दर महिन्याला त्यांचं नाव फोनवर येतं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, स्पेलिंग चुकलेलं. टेस्टिंग करताना नव्या पोरांना मी सांगते की हे नाव म्हणजे नुसता एक फील्ड नाहीये रे, त्यावरूनच माणूस ओळखतो की बिल आपलं आहे, शेजाऱ्याचं नाही. एक आकडा चुकला की पैसे तिसऱ्याच्या खात्यात, आणि तिथून ते काढायचे म्हणजे अर्ज करा, हमीपत्र द्या, चकरा मारा. नाव नीट दिसलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

काही वर्षांपूर्वी एका वीज कंपनीचं काम आमच्याकडं होतं. कंपनीचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही, सगळे भले लोक होते आणि चूक कुणा एकाची नव्हती. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. तक्रारींची यादी चाळताना एक तक्रार तिसऱ्यांदा आलेली दिसली, 'बिल भरूनही लाइन कापली'. मला दुसऱ्या दिवशी तसंही त्या गावाला मीटिंगसाठी जायचं होतं, तिथल्या सेक्शन ऑफिसच्या एका जनमित्राला, म्हणजे वायरमनला, बरोबर घेऊन मी त्या घरी गेले.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, खाली मोटर लावलेली, आणि सगळीकडं ब्लाउज पीस, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. मी मोजले नाहीत, पण पन्नासच्या वर असतील. त्या वहिनी मशीनला हातचाक लावून बसल्या होत्या, खिडकीतल्या उजेडात, दोन दिवस झालेले. दिवाळीच्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या बाईची लाइट जाणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात असं काम चालतं त्यांना सांगायला नको. मला बघून उठल्या, जनमित्राला म्हणाल्या, "दादा, मी तुम्हाला त्या दिवशीच सांगितलं होतं ना, चार दिवस आधी भरलेत मी." तो बिचारा खाली बघत होता. म्हणाला, "वहिनी, यादीत नाव होतं, माझ्या हातात काय आहे."

त्यांनी पावती आणून दिली. चौकातल्या मोबाइलच्या दुकानात रोख पैसे भरले होते, तो दुकानदार एका एजन्सीचा प्रतिनिधी होता, त्यानं छोट्या मशीनमधून पावती दिली होती. त्या पावत्या थर्मल कागदाच्या असतात, उष्णतेनं छापल्या जातात आणि उन्हात राहिल्या की उडतात. यांनी ती मशीनशेजारच्या डब्यात जपून ठेवली होती, आणि डब्यावर रोज दुपारी खिडकीतलं ऊन. कागद पांढराफटक. एका कोपऱ्यात फक्त '00' एवढं पुसट दिसत होतं. बाकी काही नाही. त्या मला म्हणाल्या, "ताई, बघा ना, यावर सगळं होतं हो."

मी तो कागद उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मला आमची तार आठवली. अण्णांच्या तारेवरच्या पंचवीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पावत्यांवर शिक्का अजून वाचता येतो.

पैसे सापडले. त्याच संध्याकाळी, सेक्शन ऑफिसमधे बसून. कंपनीकडं आले होते, तीन दिवस आधीच आले होते, पण ग्राहकाच्या खात्यावर पडले नव्हते, सस्पेन्समधे पडले होते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, सस्पेन्स खातं म्हणजे ज्या पैशांचा मालक कळत नाही ते पैसे ठेवायची जागा. मालक का कळत नव्हता? त्या कंपनीत जुन्या भागातले ग्राहक क्रमांक शून्यानं सुरू व्हायचे. एजन्सीकडून रोजची फाइल यायची, ती कुणीतरी एक्सेलमधे उघडायचं, एक ओळ दुरुस्त करायचं, सेव्ह करायचं. आणि एक्सेलला वाटतं की शून्यानं सुरू होणाऱ्या आकड्यातलं पुढचं शून्य बिनकामाचं आहे, तो ते टाकून देतो. दोन शून्यं गळली. उरलेला आकडा बिलिंगमधे कुणाचाच नव्हता. म्हणून पैसे सस्पेन्सला, वहिनी थकबाकीदारांच्या यादीत, जनमित्र शिडी घेऊन दारात. सगळं जिथल्या तिथं नियमानं झालं होतं. लाइन कापण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा 2003 च्या कलम 56 मधे तसं आहे, तीसुद्धा दिलेली होती, नोटीस मिळाली म्हणूनच तर त्या पैसे भरायला गेल्या होत्या.

रात्री आठला लाइट आली. जनमित्रानं स्वतः खांबावर चढून जोडली, त्याची ड्यूटी संपलेली होती तरी. पुनर्जोडणीचे पैसे पुढच्या बिलात लागले होते ते काढून टाकायला मात्र अजून दीड महिना गेला.

शून्याचं काम सोपं होतं. ग्राहक क्रमांक हा आकडा नाहीच, ते अक्षरांसारखं वाचायचं नाव आहे, त्याची बेरीज-वजाबाकी कधी कुणी करत नाही, त्यामुळे तो सगळीकडं मजकूर म्हणून साठवायचा. फाइल माणसानं उघडायचीच नाही, ती सिस्टीमनं सिस्टीमला द्यायची. फाइलऐवजी शक्य तिथं थेट तिथल्या तिथं नोंद करायची. आठवड्यात झालं. सस्पेन्समधे पडलेले जुने पैसे शोधायला बसलो तेव्हा शून्य गळालेल्या अशा शेकडो नोंदी निघाल्या. प्रत्येक नोंदीच्या मागं एक माणूस आणि काही जणांच्या मागं शिडी.

पण मला त्या रात्री झोप आली नाही ती वेगळ्याच कारणानं. तक्रारीचा माग काढताना मी पेमेंटचं टेबल उघडून बघितलं होतं. त्यात ग्राहक क्रमांक, रक्कम, संदर्भ क्रमांक, कुठल्या मार्गानं आले, आणि तारीख. तारखेचा कॉलम एकच. आणि त्या एका कॉलममधे पडायची ती पैसे ग्राहकाच्या खात्यावर जमा झाल्याची तारीख. माणसानं पैसे दिले ती तारीख कुठंही साठवलीच जात नव्हती. म्हणजे बाईनं सोळा तारखेला मुदतीत पैसे दिले, मधे एजन्सीची सुट्टी आली, रविवार आला, नोंद झाली एकोणीसला, तर कंपनीच्या दृष्टीनं तिनं एकोणीसला भरले. तिला विलंब आकार लागणार. वेळेत भरल्याची सूट जाणार. यादीत नाव येणार. आणि ती ऑफिसात जाऊन "सोळाला भरले" म्हणाली तर समोरचा क्लार्क स्क्रीन फिरवून दाखवणार, "बघा, एकोणीस." तो खोटं बोलत नाही. त्याच्यासमोर दुसरी तारीखच नाही.

पतसंस्थेतल्या शिक्क्यावर कुठली तारीख असायची? अण्णांनी पैसे दिले ती. पतसंस्था ते पैसे बोर्डाच्या खात्यात कधी भरणार, चेक कधी वटणार, याच्याशी अण्णांचा काही संबंध नव्हता आणि वायरमनकाकांनीही तो लावला नाही. आम्ही कॉम्प्युटर आणले, वेग शंभरपट वाढवला आणि या सगळ्यात शिक्क्यातली ती तारीख कुठंतरी खाली पडून गेली. कुणी मुद्दाम टाकली नाही. टेबल बनवणाऱ्याला हिशेबाची तारीख हवी होती, त्यानं एक कॉलम केला, पुढच्यानं तोच वापरला.

मी अजून एक कॉलम मागितला. 'भरल्याची तारीख आणि वेळ' एक, 'जमा झाल्याची तारीख' दुसरी. हिशेबाची वही दुसरीवर चालू दे, पण विलंब आकार, सूट आणि तोडणीची यादी या तिन्ही गोष्टी पहिलीवर चालल्या पाहिजेत. डेटाबेसमधे कॉलम घालायला अर्धा दिवस लागतो. तो घालायची परवानगी मिळायला चार महिने लागले.

त्या चार महिन्यांत कंपनीच्या लेखा विभागाच्या एका साहेबांबरोबर माझ्या बऱ्याच बैठका झाल्या. ते निवृत्तीला आलेले, फार प्रामाणिक आणि कडक. त्यांचं म्हणणं, "मॅडम, पैसे माझ्या खात्यात आल्याशिवाय मी ते आले असं कसं लिहू? उद्या एजंट पैसे घेऊन पळाला तर?" आणि हे ते हवेत बोलत नव्हते. लोकांकडून बिलाचे पैसे गोळा करून न भरणारे लोक त्यांनी नोकरीत बघितले होते, त्या प्रकरणांच्या फायली त्यांच्या कपाटात होत्या. मी त्यांच्याशी भांडले नाही, मला त्यांचं म्हणणं पटतच होतं, फक्त त्याची किंमत कुणी द्यायची एवढाच प्रश्न होता. दुकानावर कंपनीच्या नावाची पाटी आहे. पाटी बघून बाईनं पैसे दिले. मग त्या क्षणी ते कंपनीलाच दिले. एजंट पळाला तर कंपनी आणि एजंट बघून घेतील, त्यासाठी अनामत घ्या, बँक गॅरंटी घ्या. तिनं अंधारात का बसायचं?

शेवटी वाद मिटला तो दुसऱ्याच बाजूनं. एजन्सीची पद्धतच बदलायची ठरली, आधी पैसे भरून वॉलेटमधे शिल्लक ठेवायची आणि तेवढीच बिलं घ्यायची, शिल्लक संपली की मशीन बिल घेणारच नाही. म्हणजे दुकानदारानं बटण दाबायच्या आधीच पैसे कंपनीकडं आलेले. साहेबांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग आता मला अडचण नाही. घाला तुमचा कॉलम." पुढं त्यांनीच सुचवलं की पावतीची नोंद ग्राहकाला मेसेजनंही जाऊ दे, कागद उडतो. ही सूचना माझी नाही, त्यांची आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि यादीचं. तोडणीची यादी सकाळी सहाला छापली जायची, आदल्या दिवसाच्या ताळमेळावरून. माणूस नोटीस बघून घाबरतो आणि पैसे भरतो ते नेमके शेवटच्या रात्री, किंवा त्या दिवशी सकाळी. म्हणजे यादी जन्मतःच शिळी. आता तिथं जनमित्राच्या फोनवर खांबावर चढायच्या आधी ग्राहक क्रमांक टाकून त्या क्षणाची स्थिती बघता येते, आणि तीन उत्तरं येतात: भरले, भरले नाहीत, आणि भरल्यासारखे दिसतायत पण पक्कं नाही. या तिसऱ्या उत्तरासाठी मी सगळ्यात जास्त भांडले.

कारण यूपीआयच्या जगात ही तिसरी अवस्था रोजची आहे. तुमच्या बँकेतून पैसे कापले गेले, वाटेत कुठंतरी एका सर्व्हरनं उत्तर द्यायला उशीर केला, आणि पुढच्याला कळलंच नाही काय झालं ते. स्क्रीनवर गोल गोल फिरत राहतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोनच उत्तरं आवडतात, हो किंवा नाही, आणि उत्तर आलं नाही की तो 'नाही' धरतो. ते 'नाही' नसतं. ते 'माहीत नाही' असतं. माहीत नाही असं लिहायची सोय नसेल तर सिस्टीम माणसाला खोटं पाडते. अशा व्यवहाराबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2019 च्या सप्टेंबरमधे नियमही केलाय, खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचल्याची खात्री झाली नाही तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. चांगला नियम आहे. पण त्या पाच दिवसांत लाइन कापायची की नाही हे बँक नाही सांगणार, ते आपल्यालाच ठरवायचंय. आम्ही ठरवलं की 'पक्कं नाही' असं उत्तर आलं की शिडी लावायची नाही. परत जायचं.

फिरणाऱ्या गोलाचा दुसरा त्रास म्हणजे माणूस घाबरून परत बटण दाबतो. दोनदा पैसे जातात. मग आम्ही तांत्रिक लोक म्हणतो की काही हरकत नाही, जास्तीचे पुढच्या बिलात वळते होतील. होतात, खरंय. पण अडीच हजार रुपये एक महिना अडकले तर मला काही होत नाही, त्या वहिनींच्या घरात तो महिन्याचा किराणा आहे. परतावा मागायचा तर अर्ज, रद्द केलेला चेक, ओळखपत्राची झेरॉक्स. दुसऱ्यांदा आलेले पैसे तासाभरात त्याच खात्यात परत पाठवता येतात, तंत्र आहे, वाट आहे, त्याच वाटेनं आलेत ते. मी हे आजपर्यंत एकाच ठिकाणी नीट करून घेऊ शकलेय. बाकीच्या ठिकाणी अजून 'पुढच्या बिलात' चालू आहे. प्रत्येक नव्या कामात पहिल्या बैठकीत मी हा मुद्दा काढते आणि काढत राहणार आहे.

वहिनींचा नंबर माझ्याकडं नाही, ठेवायचाही नसतो. पण पुढच्या वर्षी त्या सेक्शन ऑफिसला गेले होते तेव्हा तो जनमित्र भेटला, त्यानं फोन काढून मला ते तीन उत्तरांचं पान दाखवलं, स्क्रीनला एका बाजूनं तडा गेलेला होता. म्हणाला, "मॅडम, आता लोकांच्या दारात जायला बरं वाटतं. आधी बाया रडायच्या, मला खरं काय ते माहीतच नसायचं."

गिरणी आता भाऊ बघतो. अण्णांचं वय झालं, पण लाइट बिल अजून त्यांच्याकडंच आहे, फोनवरून भरतात, भाच्यानं शिकवलं. ज्या कंपन्यांचं मी काम करते त्यात आमच्या गावाची वीज येत नाही हे त्यांना दहा वेळा सांगून झालंय. तरी भरले की मला फोन येतोच.

"मेसेज आला गं. पण पोचले का बघ."

मी ॲपवर गिरणीचा ग्राहक क्रमांक टाकते, मला तो पाठ आहे. बाकी शून्य दिसलं की सांगते, "पोचले, अण्णा."

"थांब मग," म्हणतात, आणि व्यवहाराचा क्रमांक मोठ्यानं वाचून घेतात, बारा आकडे, चार-चारचे गट करून, मी माझ्या बाजूनं परत म्हणायचे. मागं गिरणीचा आवाज चालू असतो त्यामुळे एखादा आकडा दोनदा सांगावा लागतो. ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागं लिहितात, तारीख घालतात, वेळ घालतात. मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज येतो, खिळ्यावरून तार काढल्याचा येतो, आणि कागदातून तार आरपार गेल्याचा तेवढा एक टचकन.

"हां," म्हणतात, "आता ठेव."